दर पावसाळ्यात कॉर्न स्नेकच्या पोटावर डाग का पडतात, आणि कोकणात पेटी कशी निवडावी

अडचण अशी. ऑक्टोबर ते मे घरी पाळलेला कॉर्न स्नेक, म्हणजे अमेरिकेतला एक बिनविषारी साप, ठणठणीत असतो. वेळेवर खातो, कात मोज्यासारखी एकसंध उतरते. मृग लागला, पाऊस स्थिरावला, की तीन-चार आठवड्यांत पोटाखालच्या रुंद खवल्यांवर तांबूस-तपकिरी ठिपके येतात. आषाढ संपता संपता त्या खवल्यांच्या कडा भिजलेल्या कागदासारख्या मऊ होतात. औषध लावलं की डाग उतरतात आणि पुढच्या पावसात पुन्हा येतात. आमच्याकडे हे सलग दोन वर्षं झालं. तिसऱ्या वर्षी औषधाची बाटली उघडावी लागली नाही. त्या वर्षी आम्ही फक्त पेटी बदलली होती.

आम्ही वेंगुर्ल्याजवळ राहतो. समुद्र घरापासून चालत दहा मिनिटांवर, भिंती जांभ्याच्या, वर मंगळुरी कौलं. साप म्हणजे केशर, नारिंगी रंगाची मादी. आली तेव्हा पेन्सिलीएवढी जाड होती, आता साडेतीन फूट आहे. सापासाठी पेटी घ्यायची म्हटलं की सगळे आधी विचारतात, किती मोठी घेऊ? मीही तेच विचारलं होतं. कोकणात मात्र आधी हे विचारायला हवं की त्या पेटीत हवा कुठून शिरते आणि कुठून बाहेर पडते.

त्याआधी कायद्याचं. इथे लिहिलेलं सगळं परदेशी जातीच्या, पाळीव म्हणून जन्मलेल्या सापाबद्दल आहे. धामण, दिवड, नानेटी, कवड्या, हरणटोळ, मांडूळ हे आपले साप आहेत. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते घरात ठेवता येत नाहीत, बिनविषारी असले तरी आणि पिल्लू असलं तरी. विहिरीच्या कठड्यावर सापडलेलं पिल्लू बरणीत ठेवू नका. वनखात्याला किंवा गावातल्या सर्पमित्राला कळवा. कॉर्न स्नेक हा अमेरिकेच्या आग्नेय भागातला साप. बॉल पायथनसारख्या (हा आफ्रिकेतला लहान अजगर) जाती साइट्सच्या, म्हणजे वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, यादीत येतात, त्यामुळे कायद्यातल्या २०२२च्या दुरुस्तीनंतर त्यांची केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. पावती आणि कागदपत्रं पेटीइतकीच महत्त्वाची आहेत. ज्याच्याकडे ती नाहीत त्याच्याकडून साप घेऊ नका.

माझी पहिली पेटी

पहिल्या वर्षी मी माशांची काचेची टाकी घेतली. वर जाळीचं झाकण. पाळणाऱ्यांसाठीच्या माहितीत जिथे तिथे वाचलं होतं की वरच्या जाळीतून ओलावा उडून जातो, म्हणून अर्धी जाळी प्लास्टिकने झाका. मी झाकली. तळाला नारळाच्या सोडणाचा भुगा घातला. घरच्याच माडांची सोडणं, आणि भुगा सापाला मऊ लागेल असं बाबांनाही वाटलं. पाण्याचं भांडं मोठं ठेवलं. जून आला तसं घरात दमट व्हायला लागलं, आम्हालाच घाम फुटत होता, म्हणून खालची हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी पातळ चटई, बंद केली. आता हिला आणखी ऊब कशाला, असा माझा हिशेब.

यातली एकेक गोष्ट जिथे हिवाळ्यात घरं गरम करावी लागतात आणि हवा कोरडी होते, तिथे बरोबर आहे. तिथल्या माणसाला ओलावा टिकवायचा असतो. आपल्याकडे आषाढात मिठाच्या बरणीत पाणी सुटतं, काडेपेटी पेटत नाही, कपाटातल्या चपलांना पांढरी बुरशी धरते. त्या हवेत मी चार बाजूंनी बंद काचेचा हौद ठेवला, तळाला स्पंजासारखा पाणी धरणारा भुगा पसरला, वरून निम्मं झाकण लावलं आणि आतली ऊबही काढून घेतली.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी केशरला हातात घेतलं तेव्हा पोटाखाली बोटाला काहीतरी खरखरीत लागलं. उलटं करून पाहिलं तर शेपटीकडच्या भागात सात-आठ खवले तपकिरी झालेले, दोन खवल्यांखाली पाण्याचा बारीक फोड. भुगा उकरला. वरचा थर कोरडा दिसत होता, पण बोटभर खाली तो काळसर, थंड आणि चिकट होता, आणि त्यात पांढरे धागे पसरले होते. साप झोपतो तो वरच्या थरावर नाही. तो भुग्यात शिरून त्या थंड, ओल्या थरावरच पोट टेकून राहतो. मी दोन महिने वरचा थर पाहत होते.

पशुवैद्यकांनी केशरला लगेच कोऱ्या, कोरड्या कागदावर ठेवायला सांगितलं. पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक फिक्या चहाच्या रंगाचं होईल इतकं पातळ करून लावायचं, आणि फोड फोडायचे नाहीत. दोनदा कात टाकल्यावर खवले पूर्ववत झाले. दुसऱ्या वर्षी मी भुगा बदलला, टाकी तीच ठेवली. डाग पुन्हा आले. तेव्हा कळलं की भुगा हे निम्मंच कारण होतं.

आत नेमकं काय होतं

कॉर्न स्नेकला साधारण ४० ते ६० टक्के आर्द्रता मानवते. पेटीची एक बाजू २९ ते ३१ अंश, दुसरी २४ च्या आसपास. खाल्लेलं पचायला त्याला ऊब लागतेच, कारण स्वतःच्या शरीरात तो ती तयार करत नाही. जुलैत आमच्या माजघरात पारा २५ ते २७ असतो आणि आर्द्रता ९० च्या वर. म्हणजे ऊबही कमी आणि ओलही जास्त.

आता हीट मॅटचा हिशेब. गरम हवेत जास्त वाफ मावते. २५ अंशांची, ९५ टक्के आर्द्रतेची हवा तुम्ही ३० अंशांवर नेली, तर त्यात वाफ तेवढीच राहते, पण आर्द्रता साधारण ७१ टक्क्यांवर येते. एकही थेंब पाणी न काढता २४ टक्क्यांचा फरक पडतो. म्हणून पावसाळ्यात थर्मोस्टॅटवर (तापमान ठरलेल्या आकड्यावर रोखणारं उपकरण) चालणारी मॅट पेटीच्या एका भागात कोरडी जागा तयार करते. साप त्या जागेवर जाऊन पोट सुकवतो. मी ती बंद केली म्हणजे त्याची सुकायची जागाच काढून घेतली.

पण नुसती मॅट पुरत नाही. तापलेली दमट हवा वर जाते, बंद टाकीच्या काचेला लागून थंड होते आणि दव होऊन कडेने तळात उतरते. तिला बाहेर जायला वाट हवी आणि तिच्या जागी यायला खालून दुसरी हवा हवी. माशांच्या टाकीला खालून एकही भोक नसतं. ती पाणी बाहेर जाऊ नये म्हणूनच बनवलेली असते.

६० टक्क्यांचा आकडा कोकणात जुलैत गाठता येत नाही, आणि त्यासाठी जीव टाकायची गरज नाही असं माझं मत झालं आहे. केशरच्या पेटीत भर पावसात उबदार बाजूला ७० ते ७५ दिसतं. हवा हलती आहे, तळ कोरडा आहे, तर खवले स्वच्छ राहतात. साचलेली हवा आणि ओला तळ एकत्र आले की रोग होतो.

तुमच्या पेटीत हीच अडचण आहे का, हे कसं पाहाल

आर्द्रतामापकावर आधी विश्वास ठेवू नका. एका झाकणात खडे मीठ घ्या, चिखलासारखं होईल इतकंच पाणी घाला, ते झाकण आणि मापक एका घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत रात्रभर ठेवा. मीठ विरघळून पाणी होऊ देऊ नका. सकाळी मापकाने ७५ दाखवायला हवं. माझा घड्याळासारख्या काट्याचा मापक ५८ दाखवत होता. पूर्ण एक पावसाळा मी त्याच्या भरवशावर होते.

मग कागदाची परीक्षा. रात्री लपायच्या घराखाली कोरड्या टिश्यूची घडी ठेवा. पहाटे काढून गालाला लावा. गार, ओलसर लागली तर सापाचं पोट रात्रभर त्याच ओलीवर होतं.

सगळ्यात जास्त कळतं ते उदबत्तीने. साप दुसऱ्या डब्यात, दुसऱ्या खोलीत ठेवा. मॅट चालू करून तासभर जाऊ द्या. पंखा बंद, खिडक्या बंद. मग उदबत्ती खालच्या भोकांजवळ धरा. हवा खेळती असेल तर धूर आत ओढला जातो, उबदार बाजूने वर चढतो आणि वरच्या जाळीतून बारीक दोरीसारखा बाहेर येतो. माझ्या टाकीत मी उदबत्ती वरच्या कडेशी धरली, तर धूर आत उतरून कोपऱ्यात थर धरून बसला. पाच मिनिटांनीही तो तिथेच होता. बाबा म्हणाले, "ह्यात तर मासळीसुद्धा सुकायची नाही." परीक्षा झाल्यावर पेटी पूर्ण हवेशीर होऊ द्या, धुराचा वास गेल्यावरच साप परत ठेवा.

कोणती पेटी

प्लायवूडची पेटीही मी करून पाहिली. साधा प्लाय ऑगस्टपर्यंत फुगला, सरकती काच खाचेत अडकली, आणि आतून कोपऱ्याला काळी बुरशी आली. लाकूडच हवं असेल तर आयएस ७१० या मानकाचा, ओलीत टिकणारा मरीन प्लाय घ्या, कापलेल्या प्रत्येक कडेला सीलर लावा आणि रंगाचा वास पूर्ण जाईपर्यंत काही आठवडे पेटी रिकामी ठेवा. इतका खटाटोप करण्यापेक्षा मी मेस्त्रींचं ऐकलं. त्यांनी विचारलं, "स्वयंपाकघराच्या ट्रॉल्या ज्याच्या करतो, त्याच बोर्डाची का करत नाहीस?"

हा पीव्हीसी बोर्ड आता कोकणात सगळीकडे मिळतो, न्हाणीघराची दारंही त्याची करतात. पाणी पीत नाही, फुगत नाही, वाळवी लागत नाही, ओल्या फडक्याने पुसता येतो. हिशेबही सुटसुटीत आहे. पूर्ण वाढलेल्या कॉर्न स्नेकला चार बाय दोन बाय दोन फुटांची पेटी लागते, म्हणजे साप पूर्ण लांब होऊन पसरू शकतो. आठ बाय चार फुटांच्या एका बोर्डातून चार बाय दोनचे चार तुकडे निघतात. तीन तुकडे म्हणजे तळ, छत आणि पाठ. चौथ्याचे दोन केले की दोन बाजू. पुढे काच. समोर खालच्या बाजूला चार इंचांची पट्टी लागते, ती मेस्त्रींकडच्या उरल्यासुरल्या तुकड्यातून निघाली. जाडी १८ मिलिमीटर घेतली, कारण पातळ बोर्ड लांबीत मध्ये वाकतो आणि काचेची खाच वाकडी होते.

हवेच्या जागा त्यांना मी कागदावर काढून दिल्या. डाव्या बाजूला, जी थंड बाजू आहे, तळापासून पाच इंचांवर एक आडवी फट, बारा इंच लांब आणि दोन इंच रुंद. उजव्या बाजूला छताला लागून तशाच दोन फटी. थंडीत वरची एक झाकायला बोर्डाचाच सरकता तुकडा केला. डावीकडची आणि उजवीकडच्या फटी एकाच उंचीवर असत्या तर उदबत्तीचा धूर पुन्हा आत कोंडला असता. खालून शिरलेल्या हवेला पूर्ण पेटी ओलांडून वर जावं लागतं, म्हणून मधला तळही सुकतो.

फटींना आतून जाळी. इथे समुद्राची खारी हवा लक्षात घ्या. मच्छरदाणीची साधी लोखंडी जाळी आमच्याकडे एका वर्षात गंजते, मग तारा तुटतात आणि साप त्यावर नाक घासून जखम करून घेतो. प्लास्टिकची जाळी उंदीर कुरतडतात. सापाला खायला उंदीरच देतो, म्हणून पेटीला उंदराचा वास येत असतो, तेव्हा घरचे उंदीर फिरकतातच. स्टेनलेस स्टीलची जाळी घ्या. ३०४ प्रतीचं स्टील चालतं, अगदी किनाऱ्याला घर असेल तर ३१६ प्रतीचं जास्त टिकतं. कडा बोर्डाच्या पट्टीखाली दाबून स्क्रू लावा. उघडी तार एकही नको. स्क्रूही स्टेनलेसचेच.

मॅट पेटीच्या बाहेरून खाली लावून उपयोग नाही, इतक्या जाड बोर्डातून ऊब वर पोचत नाही. आम्ही ती आत तळाला चिकटवून वर उरलेली एक फरशी बसवली आणि कडा सिलिकॉनने बंद केल्या, म्हणजे साप खाली शिरू शकत नाही. थर्मोस्टॅटचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं वायरचं टोक, फरशीच्या वर, नेमका साप जिथे टेकतो तिथे. थर्मोस्टॅटशिवाय मॅट कधीही लावू नका. काही मॅटचा पृष्ठभाग तासाभरात ४५ अंशांच्या वर जातो, आणि पोटाखालची भाजणारी ऊब सापाला वेळेत कळत नाही.

काच चार मिलिमीटरची, दुकानातल्या शोकेससारखी दोन सरकत्या भागांची. काच दुकानातूनच कापून घेतली, कडा घासून. कुलूपही शोकेसचंच, दातेरी पट्टीचं. दोन काचा एकमेकींवर सरकतात तिथे मध्ये चार-पाच मिलिमीटरची फट राहते. मोठ्या सापाला ती चालते, पिल्लाला नाही. तिथे दाराला लावतात ती ब्रशची पट्टी चिकटवा.

पेटी भिंतीला टेकवून ठेवू नका. जांभ्याची भिंत पावसात पाझरते. चार बोटं अंतर ठेवा आणि पेटी टेबलावर ठेवा, जमिनीवर नको.

पिल्लू असेल तर

नवीन पिल्लाला लगेच चार फुटांची पेटी करू नका असं मी सांगेन. एवढ्या पेटीत ते कुठे आहे, खातंय का, शी कशी आहे, काही दिसत नाही, आणि उघड्या जागेत ते दबून राहतं. पहिलं वर्षभर पंधरा-वीस लिटरचा पारदर्शक प्लास्टिकचा डबा पुरतो, ज्याचं झाकण दोन्ही बाजूंना क्लिपने बसतं. तत्त्व तेच. एका लांब बाजूला खाली आणि समोरच्या बाजूला वर, प्रत्येकी तीसेक भोकं, तीन मिलिमीटरची. सोल्डरिंगच्या गरम टोकाने पाडली तर कडा गुळगुळीत राहतात. ड्रिलने पाडलीत तर आतून सँडपेपर फिरवा. हे काम अंगणात करा, प्लास्टिकचा धूर घरात नको. डब्याला मॅट बाहेरून खाली चालते, तळाचा एक तृतीयांश भाग व्यापेल एवढीच, आणि डब्याखाली दोन पट्ट्या देऊन हवेला जागा ठेवा.

लपायला करवंटीसारखी दुसरी वस्तू नाही. नीट खरवडलेली, उन्हात कडक वाळवलेली करवंटी घ्या, कडेला अंगठ्याएवढी खाच पाडा, कडा कानसीने घासा. एक उबदार बाजूला, एक थंड बाजूला. एकच ठेवली तर साप ऊब आणि आडोसा यांत आडोसा निवडतो आणि थंड पडून राहतो. खोबऱ्याचा अंश राहिला तर मुंग्या आणि बुरशी दोन्ही येतात, म्हणून पावसाळ्यात मी दर पंधरा दिवसांनी करवंट्या बदलते. मोठ्या सापाला उपडी मातीची कुंडी चालते.

तळाला जून ते सप्टेंबर फक्त वर्तमानपत्र. दिसायला रूक्ष आहे, पण ओल लगेच दिसते. पावसाळ्यात वर्तमानपत्रही दमट असतं, म्हणून मी घालण्याआधी त्यावर इस्त्री फिरवते. कागदातून वाफ निघताना दिसते. एक दिवसाआड बदलते. सोडणाचे मोठे तुकडे ऑक्टोबर हीटनंतर चालतात. बारीक भुगा मी आता वापरतच नाही. पाण्याचं भांडं पावसाळ्यात लहान आणि जड, थंड बाजूला, अर्धंच भरलेलं. डोळे निळसर धुरकट झाले, म्हणजे कात टाकायची वेळ आली, तरी पावसात वेगळा ओलावा द्यावा लागत नाही. डिसेंबर-जानेवारीत मात्र द्यावा लागतो.

मुंग्या

मुंग्या पिल्लाला जखमी करू शकतात, मारूही शकतात. आमच्या आजीच्या घरी जाळीच्या कपाटाचे पाय पाण्याने भरलेल्या वाट्यांत ठेवलेले असत, दूध-सायीला मुंग्या लागू नयेत म्हणून. केशरच्या टेबलाचे पाय मी तसेच ठेवले आहेत. पाणी आठवड्यातून दोनदा ओतून वाट्या घासते, नाहीतर डास होतील. टेबल भिंतीला टेकलेलं नाही आणि वायर लोंबत नाही ना हे पाहा, मुंग्यांना तेवढा पूल पुरतो. वायर खाली वळवून तिला वर चढणारा वळसा दिला आणि तिथे व्हॅसलीन फासलं की बंद.

मुंग्यांचा खडू, फवारे, डांबरगोळ्या, फिनाइल यांपैकी काहीही सापाच्या खोलीत वापरू नका. खडूतली आणि फवाऱ्यातली कीटकनाशकं, फिनाइलमधला फिनॉल आणि डांबरगोळ्यांची वाफ सापाला विषारी आहे. मी पेटी गरम पाणी आणि भांड्यांच्या साबणाने धुते, मग पातळ व्हिनेगरने पुसून पूर्ण वाळवते.

उन्हाळा आणि वीज

एप्रिल-मेमध्ये अडचण उलटी होते. खोलीच ३३-३४ अंश असते, तेव्हा मॅट बंद. पेटी माळ्यावर नको, कौलांखाली दुपारी भट्टी होते. माजघरातली, जाड भिंतीची, ऊन न येणारी जागा सगळ्यात चांगली. काचेच्या पेटीवर खिडकीतून तिरपं ऊन अर्धा तास पडलं तरी साप मरू शकतो. साप दिवसभर पाण्याच्या भांड्यात बसून राहिला, किंवा सतत काचेला नाक घासू लागला, तर आधी थंड बाजूचं तापमान पाहा. २९ च्या वर असेल तर गोठवलेली पाण्याची बाटली कापडात गुंडाळून पेटीच्या बाहेरून थंड बाजूला टेकवा. तापमान ठीक असूनही भांड्यात बसत असेल तर खवल्यांच्या मध्ये, हनुवटीखाली हलणारे काळे ठिपके शोधा. ते गोचिडीसारखे बारीक माइट असतात.

पावसाळ्यात लाइट जाते, आणि २०२० च्या निसर्ग किंवा २०२१ च्या तौक्तेसारखं वादळ आलं की किनाऱ्यावर कित्येक दिवस येत नाही. कॉर्न स्नेक २४-२५ अंशांवर मॅटशिवाय राहू शकतो. अशा दिवसांत खायला घालू नका, पचणार नाही. कागद रोज बदला आणि वरच्या दोन्ही फटी उघड्या ठेवा.

पेटीतून साप निसटला तर

केशर पहिल्या टाकीतून एकदा निसटली होती. जाळीचं झाकण नुसतं वर ठेवलेलं होतं, तिने रात्री नाकाने कोपरा उचलला. सकाळी शेजारच्या काकी दारातूनच ओरडल्या, "अगो, तुझा जनावर खंय गेला?" सगळी वाडी गोळा झाली. कुणाच्या तरी हातात काठी होतीच. बाबा लाकडांच्या राशीत हात घालणार इतक्यात काकींनीच त्यांचा दंड धरला. त्यांचं बरोबर होतं. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत जांभ्याच्या सड्यावर, गडग्यात, लाकडांत फुरसं असतं, आणि घरात मण्यार येते. नारिंगी पट्टा दिसला म्हणजे आपलाच साप असं समजून हात घालू नका. बॅटरीने पाहा, लांब काठीने लाकूड सरकवा, पायात बूट असू द्या. खात्री नसेल तर सर्पमित्राला बोलवा.

केशर चार दिवसांनी तांदळाच्या पिंपामागे सापडली, जिथे फ्रिजची ऊब येत होती. आधी उबदार आणि अरुंद जागा पाहा. फ्रिजच्या मागे, देव्हाऱ्याच्या खाली, इन्व्हर्टरजवळ. संध्याकाळी भिंतीच्या कडेने पिठाची पातळ रेघ ओढली तर सकाळी साप कुठून गेला ते दिसतं.

तेव्हापासून माझा नियम आहे, कुलूप नसलेली पेटी घरात येणार नाही. पिल्लासाठी डबा घेताना सोबत पेन्सिल न्या. झाकणाच्या, क्लिपच्या, वायरच्या ज्या फटीत पेन्सिलीचं टोक सरकून लाकडापर्यंत जातं, त्या फटीतून पिल्लू जाईल असं धरा. डोकं गेलं की अंग जातंच.

पशुवैद्यकांकडे कधी न्यायचं, हेही सांगते. पोटावर फोड आला, किंवा कोरड्या कागदावर ठेवूनही आठवड्यात डाग पसरत गेले, तर घरगुती उपाय थांबवा. तोंड उघडून श्वास घेणं, नाकाशी किंवा तोंडात बुडबुडे, श्वासाला शिट्टीसारखा आवाज, मान वर धरून बसणं, यांपैकी काहीही दिसलं तर एक दिवसही थांबू नका. साचलेल्या दमट हवेने फुफ्फुसं बिघडतात तेव्हा ही लक्षणं दिसतात. सापांचं माहीत असलेले पशुवैद्यक प्रत्येक तालुक्यात नाहीत, म्हणून नंबर आधीच शोधून ठेवा. पेटीचे दोन्ही बाजूंचे तापमान-आर्द्रतेचे आकडे लिहून न्या. आमच्या डॉक्टरांनी सापाला हात लावायच्या आधी तेच विचारले होते.

दरवर्षी मी मेच्या शेवटच्या आठवड्यात, मृगाच्या आधी, ही कामं उरकते. मापकाची मिठाची परीक्षा. थर्मोस्टॅटच्या प्रोबजवळ दुसरा तापमापक ठेवून दोन्ही आकडे जुळतात का ते पाहणं. जाळीवर गंजाचा ठिपका शोधणं. काचेच्या खाचेत तेलाऐवजी मेणबत्ती घासणं, तेलाला धूळ चिकटते. आणि शेवटी उदबत्ती. यंदा धूर खालच्या फटीतून शिरून वरच्या जाळीतून बाहेर यायला मिनिटभरही लागला नाही.